डीएनडीसाठी एनपीसी बनवायचाय? बॅकस्टोरी राहू दे, आधी गरज ठरवा

डीएनडी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा गोष्टीचा खेळ. त्यात नवीन डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, झालं की सगळा उत्साह एनपीसीवर, म्हणजे डीएमने स्वतः वठवायच्या पात्रांवर, निघतो. दोन पानं बॅकस्टोरी, लहानपणी गाव जळालं, गुरूने दगा दिला वगैरे वगैरे, आणि प्लेअर्स येतात, "रूम कितीला?" विचारतात आणि झोपायला जातात. म्हणून आधी फक्त एवढंच ठरवा की या माणसाला आत्ता, समोर उभ्या असलेल्या पार्टीकडून, म्हणजे प्लेअर्सच्या पात्रांच्या टोळीकडून, काय पाहिजे. बाकीचं खेळता खेळता सुचतं.

एक उदाहरणच घेऊ, नियम २०१४ च्या पाचव्या एडिशनचे धरून. ब्रुन्हा, ड्वार्फ (बुटक्या जमातीची) बाई, बंदरामागच्या गल्लीत हीलिंग पोशन, म्हणजे जखमा भरणारं औषध, विकते. पुस्तकात पोशनची किंमत ५० गोल्ड आणि मिळतात २डी४+२ (चार बाजूंचे दोन फासे, वर २) हिट पॉइंट, म्हणजे तेवढा जीव परत. ब्रुन्हा ३० ला देते, कारण ती पाणी घालते, तिच्या बाटलीतून १डी४ च मिळतात. पोरगा जुगारात हरलाय आणि थीव्ह्ज गिल्डची, म्हणजे चोरांच्या टोळीची, माणसं दर आठवड्याला वसुलीला दारात. तर तिला काय पाहिजे? पैसे, आणि जमलं तर ही हत्यारं लटकवलेली मंडळी गिल्डवाल्यांना दम देतील का याचा अंदाज. बास, सीन चालू.

मग तिला काय माहितीये ते लिहा. गिल्डचा माल रात्री कुठल्या गोदामात उतरतो हे तिने पाहिलंय पण सांगायला टरकते. नुसतं गोड बोलून काढायचं असेल तर पर्सुएशन डीसी १५ (फासा आणि कौशल्य मिळून १५ तरी यायला हवेत), पण पार्टीने स्वतःहून "वसुलीवाल्यांचं आम्ही बघतो" म्हटलं तर रोल कशाला, सांगून टाका. आणि हो, तोच पत्ता एखाद्या हमालालाही माहीत असू दे, प्लेअर्सचा काही नेम नाही, बाईला पहिल्या राउंडलाच उडवतील.

आणि उडेलच ती, कारण स्टॅट्स कॉमनरचे, म्हणजे साध्या माणसाचे आहेत, एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १०, हिट पॉइंट ४, ताकद, बुद्धी वगैरे सगळे स्कोर १०. वरून डिसेप्शनला, म्हणजे थापा मारायला, तेवढे +४ द्या. कोणी "माल ओरिजिनल आहे ना?" विचारलं की तिचं डिसेप्शन विरुद्ध त्याचं इनसाइट (थाप ओळखणं), ज्याचा रोल जास्त तो जिंकला. पण कोणी थेंबभर चाखून बघितलं तर रोल मागू नका, चव पांचट आहे म्हणून सरळ सांगा, एवढं डोकं चालवलंय त्याने तर मिळू दे की.

मला सगळ्यात मजा येते ती लकबीत. ड्वार्फ म्हणजे स्कॉटिश अ‍ॅक्सेंट हे खूळ मराठी टेबलवर तर फारच विचित्र वाटतं, त्यापेक्षा हाताला काहीतरी काम द्या. खऱ्या हीलिंग पोशनचं लाल पाणी हलवलं की चमकतं, त्यामुळे ब्रुन्हा बाटली एकदम स्थिर धरते, आणि कोणी हलवायला गेला की पटकन मनगट पकडते. तुम्ही फक्त तेवढं करून दाखवा, हुशार प्लेअर तिथेच डोळे बारीक करतो. आणि अहो-जाहो, अरे-तुरे आपल्याला फुकटात मिळालंय ते वापरा ना. आधी "घ्या ना साहेब, तुमच्यासाठी म्हणून ३०", मग घासाघीस २० वर आली की "ए बाबा, ठेव ती बाटली खाली."

पोराचं नाव ठरवलं नसेल तरी चालेल, पण प्लेअर्स नेमकं तेच विचारणार, म्हणून आठ-दहा नावं कागदावर तयार ठेवा आणि दिलेलं नाव लगेच लिहून घ्या, नाहीतर पुढच्या सेशनला तुम्ही विसरलेले असता आणि त्यांना बरोब्बर आठवत असतं.