नव्या नेल टेक्निशियनचे दर: सरळ निम्मे लावू नका

ठाण्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीत माझं सलून आहे. केसांच्या दोन खुर्च्या, नखांची दोन टेबलं. कोर्स करून आलेल्या मुली माझ्याकडे लागतात. हात बसला की काही टिकतात, काही घोडबंदरला नाहीतर वाशीला जास्त पगारावर जातात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सलून चालवणाऱ्या ओळखीच्या बायका मला एकच गोष्ट विचारत असतात: नवीन मुलीचा रेट काय ठेवायचा? आणि मी उत्तर द्यायच्या आत त्यांनी स्वतःच ठरवलेलं असतं, "सीनियरच्या निम्मा."

आधी वही काढा. मी माझ्या दुकानाचे गोल केलेले आकडे देते, तुम्ही तुमचे घाला.

भाडं, लाइट, सोसायटीचा मेंटेनन्स, झाडलोट, पाणी असं सगळं धरून महिन्याला ५६,००० जातात. बसायच्या जागा चार, म्हणजे एका टेबलाला १४,०००. महिन्याचे २६ दिवस, रोजचे दहा तास, म्हणजे २६० तास. पण टेबल दिवसभर भरलेलं कधीच नसतं, निम्मं धरा: १३० तास. भरलेल्या एका तासाचा टेबलखर्च झाला साधारण ११० रुपये. नव्या मुलीला १५,६०० पगार, म्हणजे त्याच हिशोबाने तासाला १२०. सीनियरला २६,०००, तासाला २००. दोघींनाही बिलावर दहा टक्के कमिशन.

आता जेल एक्स्टेंशनचा, म्हणजे जेलने दहाही नखं लांब करायचा, एक सेट घ्या. सीनियर १,८०० घेते आणि दीड तासात उठते. टेबल १६५, पगार ३००, माल २००, कमिशन १८०. खर्च ८४५, हातात ९५५.

तोच सेट नवी मुलगी अडीच तासांत करते. टेबल २७५, पगार ३००. माल २२०, कारण नव्या हाताला जेल जास्त लागतं, टिप (टोकाला चिकटवायचं तयार नख) चुकीच्या मापाची निघते, एखादी वाया जाते. "निम्मा रेट" म्हणून ९०० लावले तर कमिशन ९०. एकूण खर्च ८८५. अडीच तास टेबल अडवून उरले पंधरा रुपये! पुढच्या आठवड्यात त्याच बाई एक नख उचकटलं म्हणून फुकट रिपेअरला आल्या की अर्धा तास आणि थोडा माल धरून सव्वाशेच्या वर जातात. म्हणजे तो सेट तुम्ही पदरचे पैसे घालून केला.

१,४०० लावा. कमिशन १४०, खर्च ९३५, उरले ४६५. सीनियरपेक्षा कमीच, पण दुकान चालतं, आणि रिपेअर निघाली तरी बुडत नाही. माझा ठोकताळा असा: नव्या मुलीचा रेट सीनियरपेक्षा वीस ते पंचवीस टक्के खाली. त्याहून खाली नाही.

इथे एक गोष्ट स्वतःशी पक्की करून घ्या, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. ही चारशे रुपयांची सूट ग्राहकाच्या वेळेची आहे. ती बाई आपल्याकडे तासभर जास्त बसते, लॅम्पमध्ये हात घालून पोरांचे फोन स्पीकरवर घेते, त्याची भरपाई. कच्च्या कामाची सूट नाही. काम कच्चं असेल तर ते स्वस्तात विकायचं नसतं, ते त्या मुलीच्या रेटकार्डावरच घ्यायचं नसतं.

म्हणून आमच्या कार्डावर दोन कॉलम आहेत आणि नव्या मुलीच्या कॉलममध्ये बऱ्याच ठिकाणी रेट नाही, नुसती रेघ आहे. सुरुवातीला जेल पॉलिश, रिमूव्हल, साधं मॅनिक्युअर आणि ग्राहकाच्या स्वतःच्याच नखांवर ओव्हरले, म्हणजे लांबी न वाढवता जेलचा थर. मग टिप लावून एक्स्टेंशन. अ‍ॅक्रिलिक आणि फॉर्म (नखाखाली लावायचा साचा) लावून केलेलं स्कल्प्टिंग सगळ्यात शेवटी. क्युटिकलपाशी, नखाच्या मुळाशी, ई-फाइल (नख घासायचं विजेचं मशीन) चालवायला तर मी फार उशिरा देते. तिथे बिट जरा तिरकी लागली तर नखावर लाल चरा उमटतो आणि बाई महिनाभर तो सगळ्यांना दाखवत फिरते.

रेघ कधी पुसायची? मी उचकटलेली नखं बघते. परत आलेल्या ग्राहकाची तीन-चार नखं क्युटिकलच्या बाजूने सुटली असतील तर तयारी कच्ची आहे: नखावरची पातळ कातडी नीट काढली नाही, तेलकटपणा राहिला, किंवा जेल कातडीवर गेलं आणि तसंच क्युअर केलं, म्हणजे लॅम्पखाली कडक केलं. हे शेवटचं नुसतं दिसायला वाईट नाही. कच्चं जेल कातडीला पुन्हा पुन्हा लागलं की अ‍ॅलर्जी होते, आणि एकदा झाली की सहसा जात नाही. याउलट एकच नख मधोमध मोडलं असेल तर ते बहुतेक गाडीच्या दारात नाहीतर लोकलच्या गर्दीत गेलेलं असतं, त्याचा दोष मुलीला देऊ नका. पहिल्या प्रकारच्या तक्रारी महिन्यात दहा सेटमागे एकीच्या आत आल्या आणि वेळ अडीच तासांच्या आसपास आला, की ती सेवा तिची.

त्याआधी हात बसवायला मॉडेल. शेजारच्या मुली, कॉलेजच्या मैत्रिणी, कुणीही. पण फुकट नाही. एक्स्टेंशनला ३०० घ्या, मालाचे तरी सुटतात. फुकट बोलावलेली मॉडेल वेळेवर येत नाही हा माझा ठाम अनुभव आहे, तीनशे देणारी येते. साडेतीन तास लागतील हे आधीच सांगा.

माल स्वस्तातला घेऊन रेट खाली आणायचा मोह होतो. उल्हासनगरला, क्रॉफर्ड मार्केटला नाव नसलेलं मोनोमर, म्हणजे अ‍ॅक्रिलिकची पावडर कालवायचं द्रव, बाटलीभर मिळतं. उग्र वास आणि अ‍ॅसिटोनमध्ये भिजवूनही न सुटणारं अ‍ॅक्रिलिक ही एमएमएची (मिथाइल मेथाक्रिलेट या रसायनाची) लक्षणं. अमेरिकेच्या एफडीएने १९७० च्या दशकातच शंभर टक्के एमएमए असलेल्या नखांच्या मालावर कारवाई केली होती. नव्या मुलीच्या हातात तर ते मुळीच नको. हल्ली ग्राहकही विचारतात. युरोपियन युनियनने १ सप्टेंबर २०२५ पासून टीपीओ (जेल लॅम्पखाली कडक व्हायला घालतात ते रसायन) असलेल्या जेलवर बंदी आणली, तेव्हापासून हिरानंदानी इस्टेटहून येणाऱ्या मुली बाटली हातात घेऊन मागचं लेबल वाचतात.

जीएसटीचं थोडक्यात. सेवा देणाऱ्यांना आपल्याकडे वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या सेवांवर ५ टक्के आहे, पण इनपुट क्रेडिट नाही. म्हणजे मालावर भरलेला कर परत मिळत नाही, तो मालाच्या खर्चातच धरा. कार्डावर कर धरूनच आकडा लिहा. शेवटी बिलात पाच टक्के वाढलेले बघून बायकांची तोंडं होतात ती वेगळीच.

आता जिथे खरे पैसे गळतात ते. रिमूव्हल आणि आर्ट.

जुनं जेल काढायला नव्या मुलीला पाऊण तास लागतो आणि "नवीन करताय ना, मग काढणं फ्री" असं ती स्वतःच बोलून बसते. रिमूव्हलचा रेट वेगळा लिहा. माझ्याकडे ३००, दुसऱ्या सलूनचं काम असेल तर ४००, कारण खाली काय निघेल सांगता येत नाही. आर्टचं त्याहून अवघड. ग्राहक मोबाइलवर कोरियन फोटो दाखवते, मुलीला आव्हान वाटतं, दोन नखांवर ती एक तास घालवते आणि घेते शंभर रुपये. म्हणून नवीन मुलींना पाच ठरलेली डिझाइन्स द्या: फ्रेंच, क्रोम, कॅट-आय, ओम्ब्रे, साधी फुलं. प्रत्येकाचा दर नखामागे, कार्डावर छापलेला. फोटोतलं काही हवं असेल तर सीनियरची अपॉइंटमेंट. नवरात्रात मात्र नऊ रंगांमुळे साध्या जेल पॉलिशला झुंबड असते, तेव्हा नव्या मुलीचा हात जेवढा सुटतो तेवढा एरवी वर्षभरात सुटत नाही. त्या दिवसांत तिच्या रेटवर ऑफर लावायची काही गरज नसते. गणपतीच्या आधी उलटं, मोदक वळायचे म्हणून बायका लांब नखं काढायलाच येतात. तेव्हा रिमूव्हल आणि आखूड ओव्हरले असं जोडून द्या, पण दोन्हींचे पैसे घ्या.

कार्ड कितीही नीट छापा, दर मुलीच्या तोंडी येतो तेव्हाच पडतो. नवीन मुलगी आकडा सांगते आणि लगेच घाबरून पुढे जोडते, "पण करून देते ना काहीतरी कमी." समोरच्या बाईने अजून तोंडही उघडलेलं नसतं! आम्ही संध्याकाळी गर्दी नसताना याची तालीम करतो. मी ग्राहक होते.

"काय गं, स्टेशनजवळ पाचशेत करतात."
"हो काकू, करतात. आमच्याकडे चौदाशे होतील, आठवड्यात नख सुटलं तर परत फुकट करून देते. कुठला रंग काढू?"

एवढंच. आकडा सांगायचा, रिपेअरचं सांगायचं, आणि रंगांची पट्टी पुढे करायची. स्टेशनवाल्यांना नावं ठेवायची नाहीत, आपल्याच अर्ध्या मुली तिकडून शिकून आल्यात.

आणि फाइल हातात घेण्याआधी चिठ्ठीवर बेरीज लिहून दाखवायची: रिमूव्हल, सेट, लांबी, आर्ट. काम झाल्यावर आकडा कळला की भांडण, आधी कळला की फार तर घासाघीस. कणीक मळणाऱ्या, हाताने जेवणाऱ्या बाईला फिकट न्यूड रंगावर हळदीचे डाग बसतात हेही तेव्हाच सांगून टाका, नाहीतर चौथ्या दिवशी त्या "कलर बदलून द्या" म्हणून हजर.

फुकट रिपेअर त्याच मुलीने करायची, त्यावर कमिशन नाही. पण पगारातून कापू नका. कापलं की मुली तक्रारी लपवतात, ग्राहकाला परस्पर "मॅडमना सांगू नका" म्हणून सांभाळतात, आणि तुम्हाला कळतं तेव्हा ती बाई शेजारच्या सलूनमध्ये बसलेली असते.

रेट वाढवताना १,४०० वरून एकदम १,८०० वर उडी नको. आधी १,५००, मग १,६५०, वेळ दीड तासाच्या जवळ आली की सीनियरचा कॉलम. ठरलेल्या ग्राहकांना महिनाभर आधी तोंडी सांगा, आणि ते त्या मुलीनेच सांगू दे. इनफिल (नख वाढून मुळाशी पडलेली जागा भरणं) साधारण तीन आठवड्यांनी येतं, त्यामुळे एका फेरीत सगळ्यांना सांगून होतं. ज्यांनी आधीच पुढची तारीख घेतली आहे त्यांना तेवढी एक वेळ जुन्या दरात करून द्या. टिप मिळाली तर पूर्ण तिची, ती गल्ल्यात टाकू नका.