गावात राहून स्वतःची गाणी लिहाची अन् गायची असतील तं

आमच्या ब्रह्मपुरीकडची पोरं विचारतात, दादा मी लिहितो पण अन् गातो पण, आता मुंबईले जाऊ का? अरे बाप्पा, आधी गावच्या भजन मंडळात जाऊन बस! मी तिथंच शिकलो, मागं कोरस ओढत. माईक नसला तरी आवाज शेवटच्या माणसापर्यंत कसा न्यायचा, पेटीवर आपला आवाज कोणत्या पट्टीत मोकळा होते, हे तिथं फुकटात समजते. आणि मेन म्हणजे तुम्ही लिहिलेलं धृपद लोक दुसऱ्यांदा म्हणताना उचलतात का नाही हे तोंडावरच दिसते, नाही उचललं तं घरी येऊन ओळ बदलायची, भांडत बसायचं नाही.

तुकडोजी महाराज पाहा ना. 1909 चा जन्म, अमरावती जिल्ह्यातलं यावली, घरची गरिबी, शाळा जेमतेम, मूळ नाव माणिक. खंजेरी घेऊन स्वतःच लिहायचे, स्वतःच गायचे, मराठीत पण अन् हिंदीत पण, 1955 मध्ये जपानपर्यंत जाऊन आले. त्यांच्या भजनात शेवटी 'तुकड्या' येतेच, म्हणून कोणीही गायलं तरी कोणाचं ते सांगावं लागत नाही. तुम्हीपण शेवटच्या कडव्यात नाव घाला, लाजता काहून?

पैसे म्हणाल तं झाडीपट्टी, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातली नाटकं. दिवाळीनंतर होळीपर्यंत सीझन, गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा म्हणजे त्याची पंढरीच, मंडई (गावची जत्रा) नाही तं शंकरपट (बैलांच्या शर्यती) असला की रात्रभर नाटक, अन् नाटकाले गाणी लागतातच. फक्त मानधन किती अन् पोस्टरवर गीतकार म्हणून नाव येणार का, हे तालमीआधीच बोलून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही (माझं गाणं एका मंडळीनं सीझनभर बिननावाचं वाजवलं).

कॉपीराइटचं लोक उगाच भेव घालतात. गाणं कागदावर आलं की हक्क तुमचाच, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, पण पुरावा म्हणून तारीख टाकून वही ठेवा अन् चाल मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीपासून गीतकार-संगीतकाराच्या रॉयल्टीचा हक्क बराच पक्का झाला, तवा कोणी सगळे हक्क लिहून मागितले तं कागद वाचल्याशिवाय सही करू नका. गाणी बाहेर वाजायले लागली की आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणारी संस्था) सभासद व्हायचं पाहा.

धानाच्या रोवणीच्या दिवसात कार्यक्रम नसतातच, तेव्हा लिहून घ्या. नागपूरच्या स्टुडिओत जायच्या आधी घरीच पक्की तालीम करा, तिथं तासाचे पैसे लागतात.