एमजीबीचा हँडब्रेक धरत नाही? वायरला शेवटी हात लावा

पावसाळाभर कव्हर घालून ठाण्यात उभी असलेली एमजीबी, म्हणजे ती जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, ऑक्टोबरात बाहेर काढली की हँडब्रेकचं रडगाणं हमखास सुरू. लिव्हर पार वरपर्यंत येते तरी गाडी पोडियमच्या रॅम्पवर हळूच मागे सरकते, मग मेकॅनिक खाली शिरतो, हँडब्रेकच्या वायरचा नट आवळतो आणि झालं म्हणतो. दोन दिवस मस्त, नंतर मागचे ड्रम तापायला लागतात. 1962 ते 1980 मधली कुठलीही एमजीबी घ्या, पुढे डिस्क आणि मागे ड्रम, हँडब्रेक फक्त मागचे शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, ओढतो. शू झिजून ड्रमपासून लांब गेले असतील आणि तुम्ही नुसती वायर आवळली तर शू कायम अर्धवट ओढलेलेच राहतात. म्हणून आधी शू, मग वायर.

पाने इंची घ्या बरं का. अर्धा इंच म्हणजे 12.7 एमएम, त्यावर 13 चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि गंजलेला नट गोल करून मोकळा होतो.

सपाट जागा बघा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक खाली, अ‍ॅक्सलखाली दोन स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही म्हणजे नाही.

ड्रम निघत नसेल तर हातोडा घ्यायच्या आधी अ‍ॅडजस्टर, म्हणजे शू ड्रमच्या जवळ-लांब करणारा स्क्रू, पूर्ण ढिला करा. आत धूळ असेल तर कंप्रेसरची हवा अजिबात मारू नका, शूवरच्या जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. शूवर काळं चिकट तेल आणि गिअर ऑइलचा वास आला तर अ‍ॅक्सलचा सील गेलाय, ब्रेक ऑइल दिसलं तर शू ढकलणारा व्हील सिलिंडर गळतोय. तेल प्यायलेला शू पेट्रोलने धुऊन परत बसवणारे लोक आहेत, तसलं काही करू नका, दोन्ही चाकांचे चारही शू बदला.

आता खरी मेहनत. बॅकप्लेटमधून, म्हणजे ड्रममागच्या पत्र्यातून, बाहेर आलेली छोटी लिव्हर हाताने हलवून बघा, तिचं रबर फाटलं असेल तर पाणी आत जाऊन ती जाम झालेली असते. तसंच अ‍ॅक्सलवरची कम्पेन्सेटर लिव्हर, जी दोन्ही चाकांना ओढ सारखी वाटून देते, ती आपल्या हवेत गंजून दगड होते आणि मग एकच चाक धरतं. या लिव्हरचे सांधे जोडणाऱ्या क्लेव्हिस पिन काढा, भोकं लांबट झालीत का बघा, गंज घासा, ग्रीस भरा. पिना नव्या टाका, अर्धा ढिलेपणा तिथेच असतो.

मग बॅकप्लेटच्या मागचा चौकोनी डोक्याचा अ‍ॅडजस्टर. त्याला चौकोनी ब्रेक पानाच वापरा, पकड नको. चाक जाम होईपर्यंत घड्याळाच्या दिशेने फिरवा, ब्रेक पेडल एकदा जोरात दाबा म्हणजे शू नीट बसतात, परत थोडं आवळा, मग चाक मोकळं होईपर्यंत एकेक टप्पा मागे. हलकीशी खरखर चालेल. एक चाक फिरवताना दुसरं उलटं फिरतं आणि जरा जड लागतं, तो डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा अ‍ॅक्सलमधला गिअर, आहे, त्याला ब्रेक घासतोय समजून अ‍ॅडजस्टर उगाच ढिला करत बसू नका.

दुसऱ्या चाकालाही हेच, आणि मगच हँडब्रेकच्या लिव्हरखालचा वायरचा नट आवळा. हँडब्रेक ओढताना तीन-चार कट्ट झाले की दोन्ही चाकं बरोबर धरली पाहिजेत, लिव्हर खाली टाकली की दोन्ही पूर्ण मोकळी. इतकं करूनही सुधारलं नाही तर वायर आतून गंजलीय, नवी टाका.

ट्रायलला आधी सोसायटीचा रॅम्प, मग येऊरचा चढ, माणूस शेजारी बसवून. परत येताना मागच्या दोन्ही ड्रमजवळ हात धरून बघा, एक जास्त तापला असेल तर त्याच बाजूचा अ‍ॅडजस्टर एक टप्पा मागे घ्या. आणि जूनमध्ये कव्हर घालताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओलीत शू ड्रमला चिकटतात, पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना ठोकळे लावा.