कन्व्हेयरचा घोळ: पीएलसीला दोष देण्याआधी या चुका टाळा

नागपूरजवळ वाडी, हिंगणा, बुटीबोरीकडे नवं गोदाम सुरू झालं की पहिल्याच हंगामात ओरड होते, ‘पीएलसी पागल झाला ना बाप्पा!’ पीएलसी, म्हणजे कन्व्हेयर चालवणारा छोटा औद्योगिक संगणक, पागल होत नाही. तो इनपुट वाचतो, प्रोग्राम वरून खाली चालवतो, आउटपुट बदलतो आणि काही मिलिसेकंदांत पुन्हा तेच करतो. घोळ आपण घातलेला असतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे डायव्हर्टर (खोका बेल्टवरून बाजूला वळवणारा हात) टायमरवर चालवणं. सेन्सरपासून डायव्हर्टर 3 मीटर, बेल्ट सेकंदाला 0.4 मीटर, म्हणून 7.5 सेकंदांचा टायमर लावला आणि मोकळे झाले. ट्रायलला झकास चालतं. मग दिवाळीचा माल येतो आणि सुपरवायझर मोटरचा वेग ठरवणारा ड्राइव्ह 40 हर्ट्झवरून 50 वर नेतो. बेल्ट आता 0.5 ने पळतो, टायमर 7.5 वरच. डायव्हर्टर हलेपर्यंत खोका 75 सेंटीमीटर पुढे गेलेला असतो आणि फटका बसतो मागच्याला. अमरावतीचे खोके चंद्रपूरच्या गाडीत चढतात आणि मंडळी बारकोड स्कॅनर पुसत बसतात! बेल्ट मध्येच थांबला तरी टायमर थोडाच थांबतो?

बेल्ट सरकेल तसे विजेचे ठोके, म्हणजे पल्स, देणारा एन्कोडर लावा. 10 मिलिमीटरला एक पल्स धरला तर 3 मीटरचे 300. बेल्ट पळो की थांबो, हिशेब अंतराचाच. एन्कोडरचं चाक बेल्टवर टेकवा, मोटरच्या ड्रमवर नको; बेल्ट ड्रमवर घसरला की मोजणी खोटी. वायर पीएलसीच्या हाय-स्पीड काउंटरच्या (झपाट्याने येणारे पल्स मोजणाऱ्या) इनपुटला द्या, साध्या इनपुटवर पल्स हुकतात. आणि प्रत्येक खोक्याचा आकडा वेगळा साठवा. एकाच मेमरीत ठेवला तर मागचा खोका पुढच्याचा आकडा पुसतो.

दुसरी चूक खास नागपुरी. मे महिन्यात पारा 45 च्या वर आणि पॅनेल (पीएलसीची पेटी) मेझानाइनवर, म्हणजे मधल्या माळ्यावर, थेट पत्र्याखाली. पीएलसी बहुधा 55-60 अंशांपर्यंत तग धरतो. त्याआधी दम सुटतो तो पॉवर सप्लायचा. सकाळी ठणठणीत, दुपारी 2 नंतर सेन्सर लुकलुकतात, अशी तक्रार आली तर आधी लॅपटॉप उघडू नका. भर दुपारी, सगळे व्हॉल्व्ह चालू असताना, शेवटच्या सेन्सरच्या टर्मिनलवर 24 व्होल्ट मोजा. तिथे 20 च्या खाली आणि सप्लायपाशी 24, तर वायर बारीक आहे. दोन्हीकडे कमी, तर सप्लाय थकला. तो गरजेच्या दीडपट घ्यावा, पॅनेल खाली आणावं. दार उघडं टाकून टेबल फॅन लावण्याचा जुगाड मात्र नको. पुठ्ठ्याची सगळी धूळ आत जाते.

एकच आउटपुट कॉइल (आउटपुट चालू-बंद करणारी खूण) लॅडरच्या, म्हणजे पीएलसीच्या शिडीसारख्या प्रोग्रामच्या, दोन ओळींत लिहू नका, खालची ओळ जिंकते. मोटरची आणि सेन्सरची केबल एका ट्रेमध्ये नको. इमर्जन्सी स्टॉप एनसी (एरवी जोडलेल्या, दाबल्यावर तुटणाऱ्या) कॉन्टॅक्टने, सेफ्टी रिले या वेगळ्या सुरक्षा उपकरणामधूनच. तो नुसता प्रोग्राममध्ये घेणाऱ्याला साइटवर उभं करू नये. आणि फोर्स मारलेले बिट (चाचणीसाठी लॅपटॉपवरून जबरदस्तीने चालू-बंद ठेवलेले) साइटवरून निघण्याआधी काढा. नवशिके ते तसेच ठेवून संध्याकाळची गाडी पकडतात.