आर मध्ये टॉप पाच काढणं: बेळगाव-खानापूरकडच्या नवीन पोरापोरींसाठी

बीएस्सी झालं, आता डेटाच्या लाईनीत यायचंय, आर (आकडेमोडीची प्रोग्रामिंग भाषा) कुठून सुरू करू असं आपल्या भागातले बरेच जण विचारतात, तर माझं सांगणं एवढंच की आधी सगळ्यात मोठे आकडे काढायला नीट शिका. पुण्याला जावा नाहीतर बेंगळूरला (हा वाद आपल्याकडं काही मिटणार नाही), साहेब रोज हेच मागतो, जास्त विक्रीचे पाच, जास्त थकबाकीचे दहा.

आर टाकलं की त्यासोबत एअरक्वालिटी नावाचा डेटा आयता येतो, न्यूयॉर्कचा, १९७३ मधला, मे ते सप्टेंबर असे १५३ दिवस. त्यातल्या ओझोनच्या कॉलमवर मॅक्स (सगळ्यात मोठा आकडा काढणारं फंक्शन) चालवा, उत्तर येतं एनए, म्हणजे आकडा नाही अशी खूण! घाबरायचं नाही, ३७ दिवसांचा आकडाच नाहीये मग सगळ्यात मोठा कुठला हे ते छातीठोक कसं सांगणार, त्याचं बरोबरच आहे. एनए डॉट आरएम ट्रू केलं, म्हणजे एनए वगळायला सांगितलं, की १६८ मिळतो. आकडे क्रमानं लावणारं सॉर्ट मात्र तेच एनए गुपचूप टाकून देतं आणि ओळींचा क्रम सांगणारं ऑर्डर त्यांना शेवटी नेऊन बसवतं, तिघांच्या तीन तऱ्हा.

सॉर्टला डिक्रीजिंग ट्रू (मोठ्याकडून लहानाकडं) देऊन हेड पाच, म्हणजे वरचे पाच, केलं की १६८, १३५, १२२, ११८, ११५ येतात. पण नुसते आकडे घेऊन करायचं काय, दिवस कुठला ते पण पाहिजे की! तिथं ऑर्डर लागतं. ते आकडा देत नाही, ओळीचा नंबर देतं, डिक्रीजिंग ट्रू इथं पण दिलं की पहिला येतो ११७ म्हणजे २५ ऑगस्ट. नवीन माणूस इथंच अडकतो, म्हणून कागदावर पाच-सहा आकडे लिहून हातानं एकदा करून बघाच.

सारखे आकडे आले तर व्हिच डॉट मॅक्स (सगळ्यात मोठा आकडा कुठल्या ओळीत ते सांगणारं) फक्त पहिली ओळ दाखवतं. डीप्लायर नावाच्या आरच्या पॅकेजमधलं, मोठ्या आकड्यांच्या ओळी काढणारं स्लाइस मॅक्स उलटं, बरोबरीत असलेले सगळे ठेवतं, पाच मागितले तर सात पण येतील. नको असेल तर विथ टाईज फॉल्स, पण मग कुणाला वगळलं ते साहेबाला सांगता आलं पाहिजे, इंटरव्ह्यूत खरा प्रश्न हाच असतो.

आता आपल्या जिल्ह्याचा पाऊस घ्या. टॉप दहा काढले तर जास्त पावसाच्या कणकुंबी-जांबोटीकडचेच आकडे वर येणार, कमी पावसाच्या अथणीचं नाव पण दिसायचं नाही, म्हणून आधी तालुक्यानं ग्रुप बाय करा आणि मग स्लाइस मॅक्स. त्यात अजून एक भानगड, १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं, त्यामुळं जुन्या नव्या फाईली जोडल्या की एकाच तालुक्याचे दोन ग्रुप पडतात आणि आर काही तक्रार करत नाही, नावं आधी तुम्हालाच एक करून घ्यायला लागतात. कुणीतरी रिकाम्या जागी ९९९९ भरून ठेवलेलं असतं, तो पाऊस थेट पहिल्या नंबरावर!

आणि आकड्यात कॉमा असला तर आर त्या कॉलमला अक्षरं समजतं, मग ९०० हा १,२०० पेक्षा मोठा ठरतो. फाईल उघडली की पहिलं एसटीआर (कुठला कॉलम कसला ते दाखवणारं) चालवा, सीएचआर म्हणजे अक्षरं दिसलं तर कॉमा काढून अ‍ॅज न्यूमेरिकनं आकडे करा, मगच सॉर्टला हात लावा.