परत टेबल टेनिस खेळताय? जरा वेगवान लाकडी ब्लेड असं निवडा

गेल्या आषाढात अठरा वर्षांनी बॅट हातात घेतली. कपाटात गुंडाळून ठेवलेली होती. रबर जुन्या फणसपोळीसारखं वातड झालेलं, ब्लेड, म्हणजे रबराखालची लाकडी फळी, मात्र ठणठणीत. नवी रबरं लावली, सावंतवाडीतल्या आमच्या हॉलवर जायला लागलो आणि पंधराव्या दिवशी मनात आलं, ही बॅट मंद आहे, वेगवान ब्लेड घ्यायला हवं. मधल्या काळात खेळ सोडलेल्या जवळपास प्रत्येकाला असं वाटतं. काहींच्या बाबतीत ते खरंही असतं. माझ्या बाबतीत अर्धंच खरं होतं, आणि ते कळायला पैसे मोडावे लागले.

आधी बघा, मंद झालंय काय

तुम्ही खेळ कधी सोडलात ते आठवा. २००० साली बॉल ३८ मिलिमीटरचा ४० झाला. मोठ्या बॉलला हवेचा अडथळा जास्त, म्हणून तो लवकर मंदावतो. २०१४ पासून सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिकचा बॉल आला, त्याला फिरकीही थोडी कमी लागते. आणि स्पीड ग्लू, म्हणजे रबर चिकटवायचा तो उग्र वासाचा गोंद? तो २००८ च्या सप्टेंबरात बंद झाला. मॅचच्या आधी तो लावायचा, रबराखालचा स्पंज फुगायचा आणि बॅट टणटण वाजायची. आपल्या तरुणपणीच्या स्मॅशमध्ये त्या वासाचा वाटा बराच होता, हे कबूल करायला जड जातं. आजच्या बऱ्याच रबरांचा स्पंज मुळातच ताणलेला असतो, त्यामुळे ती कसर पुष्कळशी भरून निघते. म्हणून जुन्या ब्लेडवर आधी आजचं ताजं रबर लावून महिनाभर खेळा.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, ती म्हणजे पावसाळा. आषाढ-श्रावणात हॉलच्या फरशीलाच घाम फुटतो. रबरावर दमट थर बसतो, टॉपस्पिन, म्हणजे बॉलला पुढच्या दिशेने फिरकी देणारा फटका, मारताना बॉल रबरावरून निसटतो आणि नेटमध्ये जातो. बॅटीत जीव नाही असं वाटतं, पण रबर ओलं असतं एवढंच. मी नेमका अशाच दिवसांत निकाल देऊन बसलो. पावसाळ्यात तपासायचंच असेल तर कोरडं सुती फडकं जवळ ठेवा आणि चार-चार पॉइंटनंतर रबर पुसा. खरा निकाल दिवाळीनंतर द्या.

चाचणी सोपी आहे. जोडीदाराला तुमच्या फोरहँडला एकाच जागी वीस बॉल द्यायला सांगा. टेबलापासून एक पाऊल मागे उभं राहून टॉपस्पिन मारा. वेळेवर पोचून, नीट मारूनही बॉल आखूड पडत असेल तर दोष ब्लेडचा असू शकतो. इथे सगळे नीट जातात आणि मॅचमध्येच आखूड पडतात, असं असेल तर? आमच्या हॉलवरचे एक काका यावर एकच वाक्य बोलतात: "आधी पाय हलय मेल्या, बॅट मगे बघू."

जुन्या ब्लेडची मोजमापं घ्या

हँडलच्या वरच्या कडेला निरखून बघा, थर मोजता येतात. पाच किंवा सात असतील. जाडी व्हर्नियरने मोजा. वजन मी ओळखीच्या सराफाच्या काट्यावर केलं. तो हसला, पण आकडा अचूक मिळाला. तीन गोष्टी वहीत लिहा: थर, जाडी, वजन. यापुढची सगळी तुलना याच आकड्यांशी करायची आहे. बॉक्सवरच्या 'ऑलराउंड', 'ऑफ मायनस', 'ऑफ' या शिक्क्यांवर फार विसंबू नका. त्यांचं सर्वांना लागू असं माप नाही, प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने देते.

लाकडात वेग कुठून येतो

मुख्यतः जाडीतून. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. त्याच लाकडाची सहा मिलिमीटरची फळी ६.६ ची केली, म्हणजे जाडी फक्त दहा टक्क्यांनी वाढवली, तर ताठपणा सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढतो. ताठ ब्लेड कमी वाकतं, बॉल लवकर सोडतं, आणि तोच आपल्याला वेग वाटतो. म्हणून अर्ध्या मिलिमीटरला किरकोळ समजू नका.

त्यानंतर बाहेरचा थर. लिंबा हे तुलनेने मऊ लाकूड, बॉल जरा धरून ठेवतं. कोटो किंवा अक्रोड बाहेर असेल तर स्पर्श कडक, मार थेट. जपानी हिनोकी मऊ असूनही उसळतं, त्याची चव वेगळीच. आतला गाभा बहुधा आयुसचा असतो, हलका आणि परवडणारा. ही नावं परकी वाटत असतील तर इथल्या चितारआळीत जा. लाकडी खेळणी करणारा कारागीर पांगाऱ्याचा तुकडा हातात देईल, पिसासारखा हलका. मग सागाच्या तुकड्यावर टिचकी मारून बघा. दोन्ही आवाजांतला फरक कानात बसला की ब्लेडचंही तेच तंत्र. रबर न लावलेल्या ब्लेडवर बॉल टपटप उडवा. जितका उंच स्वर, तितकं ब्लेड ताठ. दुकानात दोन ब्लेडं हातात असतील तर कोणत्याही आकड्यापेक्षा ही परीक्षा मला जास्त भरवशाची वाटते.

एकच पायरी चढा

जुनं ब्लेड पाच थरांचं ऑलराउंड असेल तर वर जायच्या दोन वाटा आहेत. पहिली, पाच थरांचंच पण आक्रमक ब्लेड. यासाका स्वीडन एक्स्ट्रा, बटरफ्लाय कॉर्बेल, स्टिगा ऑफेन्सिव्ह क्लासिक ही यातली जुनी, नावाजलेली नावं. दुसरी, सात थरांचं. स्टिगा क्लिपर हे त्याचं ठळक उदाहरण. सात थरांचं ब्लेड ब्लॉकला, म्हणजे समोरचा फटका नुसता अडवताना, भिंतीसारखं उभं राहतं, सपाट फटक्याला दणका देतं, पण जड असतं आणि हळुवार टॉपस्पिनला जरा कोरडं वाटतं. टेबलाला चिकटून ब्लॉक आणि स्मॅशवर जगणाऱ्याने ते घ्यावं. टॉपस्पिनवाल्याने आणि बहुतेक परतलेल्यांनी आधी पाच थरांचं घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कार्बनचा थर घातलेलं ब्लेड का नको? नियमाप्रमाणे ब्लेडच्या जाडीत किमान ८५ टक्के नैसर्गिक लाकूड लागतंच, त्यामुळे कार्बनवालंही मुळात लाकडीच असतं. पण हळू मारलं तरी बॉल उडतो, ही त्यातल्या बऱ्याच ब्लेडांची खोड. नुसत्या लाकडात हळू मारलं की हळू जातं, जोरात मारलं की जोरात. हात अजून गंजलेला असताना हा हिशेब फार उपयोगी पडतो.

वजन विचारल्याशिवाय पैसे देऊ नका

इथे मी आपटलो. ऑनलाइन मागवलेलं सात थरांचं ब्लेड आलं, सराफाकडे नेलं, तर ९५ ग्रॅम! रबरं चढवल्यावर बॅट १९० च्या वर गेली. पंधरा दिवसांत मनगट आणि कोपर दोन्ही बोलायला लागले. शेवटी ते ब्लेड कॉलेजातल्या भाच्याला दिलं, तो खूश आहे. एकाच मॉडेलच्या दोन ब्लेडांत पाच-सात ग्रॅमचा फरक सहज असतो, कारण लाकूड झाडागणिक बदलतं. म्हणून दुकानदाराला हातातला नग मोजून सांगायला लावा. ८५ च्या आसपास मिळालं तर उत्तम. दोन्ही बाजूंची कापलेली रबरं मिळून साधारण ९० ते १०० ग्रॅम धरा, म्हणजे पूर्ण बॅटचा अंदाज येतो. हँडल फ्लेअर (खाली पसरट) की स्ट्रेट (सरळ), जे जुन्या बॅटीला होतं तेच घ्या.

लावणं आणि वळण पडणं

नव्या ब्लेडवर जुन्याच जातीची आणि तेवढ्याच जाडीची रबरं लावा. दोन्ही एकदम बदललं तर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही. रबर लावण्याआधी पाण्यावर आधारित वार्निशचा एकच पातळ हात फिरवा, नाहीतर पुढे रबर काढताना लिंबा लाकडाचे तुसे निघून येतात. पावसाळ्यात वार्निश आणि गोंद दोन्ही सुकायला दुप्पट वेळ द्या, घाई केली की कडेला फुगवटे येतात. कडेला टेप लावा. खेळून झाल्यावर बॅट पिशवीत कोंबू नका, आधी पुसा आणि पंख्याखाली ठेवा. गाडीच्या डिकीत कधीच नाही.

पहिले दोन आठवडे ब्लॉक लांब जातील. बॅटचा कोन थोडा बंद करा, फटका आखडू नका. खरी परीक्षा आखूड सर्व्हिसची आणि आखूड रिसीव्हची. बॉल समोरच्या बाजूला दोन टप्पे घेईल इतका आखूड ठेवता येतो का, हे रोज दहा मिनिटं बघा. महिन्याभरातही जमलं नाही तर जुनं ब्लेड परत काढा. नवं कापडात गुंडाळून, ओल नसलेल्या फळीवर ठेवा, आणि दिवाळी झाल्यावर पुन्हा एकदा हातात घेऊन बघा.