क्लच पेडल जड झालंय? आधी केबल सोडवून बघा

जुन्या गाडीचं क्लच पेडल जड झालं की लगेच गिअरबॉक्स उतरवू नका. केबलवाली गाडी असेल तर इंजिन बंद करून गिअरबॉक्सकडच्या फोर्कवरून (केबल ओढते तो, क्लच सोडवणारा दांडा) केबलचं टोक सोडवा आणि पेडल हाताने दाबा. तरीही जड लागलं तर दोष केबलमध्ये किंवा पेडलच्या पिव्होटमध्ये (पेडल ज्यावर फिरतं ती खीळ) आहे. पिव्होटचं बुश (खिळीभोवतीची छोटी नळी) सुकलं असेल तर साफ करून ग्रीस लावा. केबलच्या तारा तुटू लागल्या असतील किंवा आतलं प्लास्टिकचं अस्तर झिजलं असेल तर केबल बदलाच. अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल सोडू नका, त्यात धूळ चिकटून ती आणखी अडकते. नवी केबल मूळ मार्गानेच न्या. तीव्र वळण पडलं तर तीही जडच चालेल.

केबल सोडल्यावर पेडल हलकं झालं तर मात्र दोष केबलच्या पुढे, क्लचकडे आहे: फोर्क शाफ्टची सुकलेली बुशं, रिलीज बेअरिंगचा (फोर्क ज्याला ढकलतो ते बेअरिंग) घासलेला मार्ग किंवा प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारा भाग). क्लच प्लेट झिजली की प्रेशर प्लेटमधल्या डायफ्रॅम स्प्रिंगचा कोन बदलतो आणि पेडलला जास्त जोर लागतो. त्यासोबत पेडल अगदी वर आल्यावरच क्लच पकडत असेल, चढावर क्लच घसरत असेल, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदला.